हिरव्या माशीचा दुहेरी संसार

मासळीच्या पाटीभोवती घोंगावणारी ती मोठी माशी घरमाशी नसते. घरमाशी राखाडी, अंगाने बारकी, पाठीवर चार काळपट रेघा असलेली. ही तिच्याहून चांगली दांडगी, सेंटिमीटरभर लांब, अंगावर निळ्या-हिरव्या धातूची झळाळी आणि डोळे गडद विटकरी लाल. डोकंही अंगाच्या मानाने मोठं. शास्त्रज्ञ तिला क्रायसोमाया मेगासेफाला म्हणतात. योहान फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९४ साली तिची रीतसर नोंद केली. कोळीण तिला काहीच म्हणत नाही, नुसतं हातातलं फडकं झटकते. मासळीबाजार, खाटकाचं दुकान, उकिरडा, उघडं गटार, झाडाखाली पडून फुटलेला फणस, ही तिची सगळी ठिकाणं आपण नाक मुरडून ओलांडतो. त्यामुळे आपल्या भागातला एक अतिशय देखणा कीटक रोज डोळ्यांसमोर असूनही पाहायचा राहतो.

तिचा रंग रंगद्रव्यातून येत नाही. तिच्या कवचात अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्र्यांची थप्पी असते. उजेड पडला की प्रत्येक पापुद्र्यावरून त्याचा थोडा थोडा भाग परततो आणि या परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळताना काही रंग खोडले जातात, काही उजळतात. साबणाच्या फुग्यावर जो खेळ दिसतो, तोच हा. पापुद्र्यांखाली काळ्या द्रव्याचा थर असतो, तो उरलेला उजेड पिऊन टाकतो, म्हणून हिरवा आणि निळा आणखी खुलतो. माशी जरा वळली की हिरव्याचा निळा होतो आणि कडेला जांभळी छटा येते. असा रंग विटत नाही. संग्रहालयाच्या खणांत टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या माश्या अजून चमकत असतात.

जन्मतः मात्र ती अगदीच मळकट असते. अळीची शेवटची कातडी टणक होऊन तिचा तपकिरी कोष बनतो आणि त्यातून बाहेर पडायला माशीजवळ ना दात असतात ना नखं. मग ती कपाळ फुगवते. डोक्याच्या पुढच्या भागात एक लवचिक पिशवी असते. अंगातला द्रव दाबून ती पिशवी फुगवली की कोषाचं टोपण उडतं. त्याच पिशवीने ढकलत माशी माती बाजूला सारून वर येते. मग पिशवी कायमची आत जाते, कपाळावर फक्त एक शिवण राहते. चुरगळलेले पंख ताठ होतात, कवच वाळतं आणि काही तासांनी ती झळाळी अंगावर चढते.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली लंडनमध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक काढलं, तेव्हा पिसू आणि ऊ यांच्याबरोबर एका निळ्या माशीचंही चित्र त्याने त्यात घातलं आणि हा जीव फार सुंदर आहे असं मोकळेपणाने लिहून ठेवलं. पिसवेचं चित्र पुढे जगभर गाजलं. माशीच्या नशिबी ते नव्हतं.

तिचे डोळे सवडीने पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक डोळा हजारो षटकोनी भिंगांचा. नर आणि मादी ओळखायचे तेही डोळ्यांवरूनच. नराचे दोन डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टीएवढी जागा असते. नराच्या डोळ्याच्या वरच्या भागातली भिंगं खालच्यांपेक्षा स्पष्टच मोठी असतात. मोठ्या भिंगात जास्त उजेड शिरतो, त्यामुळे कमी प्रकाशातही वरून जाणारी मादी नराला टिपता येते. म्हणजे नराच्या डोळ्याचा एक मोठा भाग निव्वळ लग्नाच्या खटपटीसाठी राखून ठेवलेला आहे.

वेगाचं म्हणाल तर आपल्या डोळ्यांना सेकंदाला साठेक लुकलुकींपुढे सगळं सलग दिसू लागतं. हिच्या जातभाईंचे डोळे दोनशेहून अधिक लुकलुकी वेगवेगळ्या ओळखतात. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला तो स्थिर वाटतो, माशीला तो लुकलुकताना दिसत असणार. तिच्यावर उगारलेला हात तिच्या लेखी संथपणे येत असतो आणि तो पोचेपर्यंत ती जागेवर नसते.

उडण्याचं तंत्रही तिच्या खानदानाचं खास आहे. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात, माश्या-डासांच्या गणाला दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या उरल्या आहेत. पंख खाली जाताना या दांड्या वर जातात, पंख वर येताना खाली. अंग जरा कलंडलं की दांड्यांच्या मुळाशी ताण बदलतो, तो तिथले संवेदक टिपतात आणि पंखांच्या स्नायूंना लगेच सूचना पोचते. विमानातला जायरोस्कोप हेच काम करतो. पंख सेकंदाला दीडशेच्या आसपास हलतात. तिचं गुणगुणणं म्हणजे ही हालचालच आपल्याला ऐकू येते. तोंडाने ती काही आवाज काढत नाही. श्वासही तिच्या कुशीवरच्या छिद्रांतून चालतो. बिघडलेल्या प्रत्येक कामात शिंकल्याचा आळ आपण तिच्यावर घेतो, पण तिला नाकच नाही.

चव मात्र तिला पायांनी कळते. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट डेथियर यांनी याच कुळातल्या एका काळपट माशीवर कित्येक वर्षं प्रयोग केले. पाय साखरपाण्याला लागला की माशीची सोंड आपोआप खाली येते. पुढे त्यांनी दाखवलं की अख्खा पाय लागत नाही, एका केसाच्या टोकाला साखरपाणी लावलं तरी पुरतं. त्या केसाच्या टोकाला छिद्र असतं आणि आत साखर, मीठ, पाणी वेगवेगळं ओळखणाऱ्या पेशी. जिन्नसावर उतरल्या उतरल्या माशी इकडे तिकडे चालते, तेव्हा ती पायांनी चाखत असते. डेथियर यांनी १९६२ साली ‘टू नो अ फ्लाय’ हे छोटेखानी, खुसखुशीत पुस्तक लिहिलं. माशीवर जीव जडलेला माणूस कसा लिहितो, ते त्यात दिसतं.

आता तिच्या कामाकडे. जनावर मेलं की या माश्या काही मिनिटांत हजर होतात. आपल्याला वास यायच्या कितीतरी आधी त्यांना तो लागलेला असतो. मादी डोळे, नाकपुड्या, तोंड, जखम अशा ओलसर जागा शोधून एका वेळी दोनशे-तीनशे अंडी घालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभरातच अळ्या बाहेर येतात. अळीला पाय नाहीत, डोकं म्हणावं असं काही नाही, पुढच्या टोकाला दोन आकडे तेवढे असतात. ती पाचक रस बाहेर सोडते, मांस पातळ करते आणि ते पिते. श्वासाची छिद्रं तिच्या मागच्या टोकाला असल्यामुळे खाणं न थांबवता तिला श्वास घेता येतो. अळ्या एकट्यादुकट्या खात नाहीत. हजारोंचा घोळका एकत्र वळवळतो, तेव्हा सगळ्यांचे रस एकत्र होऊन काम झपाट्याने होतं. शिवाय त्या घोळक्यात ऊब इतकी साठते की आतलं तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाऊ शकतं, मग बाहेर हवा कितीही गार असो.

हे काम किती मोठं आहे, ते मोजलं गेलं आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात जेरी पेन या कीटकशास्त्रज्ञाने मेलेली डुकराची पिल्लं दोन प्रकारे ठेवली. काही कीटकांना मोकळी, काही कीटक शिरणार नाहीत अशी बंदिस्त. उन्हाळ्यात मोकळ्या पिल्लांचं नव्वद टक्के वजन सहा दिवसांत संपलं. बंदिस्त पिल्लं तशीच सुकत गेली, आकार टिकवून राहिली आणि शंभर दिवसांनंतरही त्यांचा पाचवा हिस्सा शिल्लक होता. नुसत्या जिवाणूंच्या भरवशावर जग सोडलं असतं, तर रान सुकलेल्या सांगाड्यांनी भरून गेलं असतं. एक घोडा संपवायला तीन माश्यांना सिंहाइतकाच वेळ लागतो, असं लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात लिहिलं होतं. त्याला एकेका माशीची भूक नाही, तिचा वंशविस्तार अभिप्रेत होता.

आपल्याकडे याला आणखी एक संदर्भ आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे १९९०च्या दशकापासून भारतातली गिधाडं संपत गेली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे औषध जनावरांसाठी वापरायला २००६ साली बंदी आली, तोवर गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागांवर भटकी कुत्री, कावळे आणि माश्या हेच उरले होते. कुत्र्यांमुळे रेबीजचा धोका वाढला, हे आपण वाचलं आहे. माश्यांनी गुपचूप किती भार उचलला, याचा हिशोब कुणी मांडत बसत नाही.

अळ्या पोटभर खाऊन झाल्या की जनावर सोडून सरपटत दूर जातात, मातीत शिरतात आणि तिथे कोषात जातात. कुजणाऱ्या देहातलं नत्र आणि स्फुरद अशा रीतीने आसपासच्या मातीत पसरतं. वाटेत बेडूक, सरडे, मुंग्या, मैना, कोंबड्या यांना आयती मेजवानी मिळते. अंड्यापासून माशी व्हायला आपल्या उबदार हवेत दीडेक आठवडा पुरतो.

हे वेळापत्रक इतकं नेमकं आहे की ते न्यायालयातही चालतं. चीनमध्ये सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात एक प्रकरण आहे. विळ्याने खून झाला, गावातल्या सगळ्यांचे विळे मांडून ठेवायला लावले आणि धुऊन पुसलेल्या एकाच विळ्यावर माश्या येऊन बसल्या. मालकाने गुन्हा कबूल केला. १९३५ साली ब्रिटनमधल्या रक्स्टन खून प्रकरणात अळ्यांच्या वयावरून मृत्यूचा काळ ठरवला गेला. आज न्यायवैद्यक शास्त्रात ही एक स्वतंत्र शाखाच आहे.

वैद्यकातली गोष्ट अधिक रंजक आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदापुढे दोन सैनिक आणले गेले. मांडीची हाडं मोडलेली, पोटाला जखमा आणि आठवडाभर रणांगणावर अन्नपाण्याविना पडलेले. अशा रुग्णांना तेव्हा जंतुसंसर्ग हमखास गाठायचा. या दोघांना तापही नव्हता. कपडे काढले तर जखमा अळ्यांनी भरलेल्या, आणि अळ्या धुऊन काढल्यावर खाली स्वच्छ, गुलाबी, भरत आलेलं मांस. बेअर हे विसरले नाहीत. १९२८ नंतर त्यांनी बॉल्टिमोरमध्ये हाडांच्या जुनाट संसर्गाने पिडलेल्या मुलांच्या जखमांत मुद्दाम अळ्या सोडल्या आणि जखमा बऱ्या झाल्या. पुढच्या काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा माशीची अंडी निर्जंतुक करून घ्यायची पद्धत बसवली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत हा उपचार चालायचा. मग पेनिसिलिन आलं आणि अळ्या विस्मरणात गेल्या. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढले, मधुमेहींच्या पायांच्या जखमा चिघळू लागल्या, तशी त्यांची पुन्हा आठवण झाली. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीच्या अळ्यांना रीतसर परवानगी दिली. या अळ्या मेलेलं मांस तेवढं विरघळवतात, त्यांच्या स्रावात जिवाणू मारणारी द्रव्यंही असतात. चमत्कार मात्र समजू नये. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले. त्यात जखम स्वच्छ होण्याचा वेळ घटला, भरून येण्याचा घटला नाही, आणि रुग्णांना दुखलं जास्त.

कुठलीही अळी जखमेला चालते असं अजिबात नाही. गुराढोरांच्या जखमेत आसड्या पडतात, त्या बहुधा याच कुळातल्या दुसऱ्या माशीच्या, क्रायसोमाया बेझिआनाच्या. तिची अळी जिवंत मांस खाते, आत आत शिरते, आणि वेळेवर जखम साफ करून टर्पेंटाइन घातलं नाही तर जनावर हातचं जातं. आपली निळी-हिरवी माशीसुद्धा निरुपद्रवी नाही. गटारातून उठून ती थेट ताटावर बसते, पायांवरून आणि सोंडेवाटे आमांश, पटकी, विषमज्वराचे जंतू घेऊन. किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील वाळत घातले आणि आभाळ भरून आलं, मासळी अर्धी ओली राहिली, की ही माशी तिच्यावर अंडी घालते आणि माल वाया जातो. प्रथमग्रासे मक्षिकापात झाला म्हणून पान ढकलणारा माणूस मुळीच चुकत नाही. अन्न झाकायलाच हवं.

पण तिच्या पोटाचं गणित नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. उडायला इंधन लागतं आणि इंधन म्हणजे साखर. ही साखर तिला फुलांतल्या मधुरसातून, पिकून फुटलेल्या फळांतून मिळते. नर तर बराचसा तेवढ्यावरच निभावतो. मादीला मात्र अंडी पिकवायला प्रथिनं लागतात आणि ती तिला मिळतात विष्ठेतून, मासळीतून, मेलेल्या जनावरातून. म्हणजे सकाळी फुलावर दिसणारी माशी आणि दुपारी उकिरड्यावर दिसणारी माशी या दोघी नव्हेत. एकीचाच हा दुहेरी संसार आहे.

काही वनस्पतींनी तर या संसाराचा पुरता अभ्यास केल्यासारखं वाटतं. सुरणाच्या कुळातल्या फुलोऱ्यांना कुजक्या मांसाचा वास येतो, कारण मांस कुजताना जी गंधकयुक्त द्रव्यं सुटतात तीच ते फुलोरे सोडतात. प्रेत समजून माश्या आणि भुंगेरे धावतात, हाती काही न लागता अंगभर पराग घेऊन परततात. पावसाच्या तोंडाशी ठाणे-रायगडच्या बाजारात जुड्या बांधून येणारी शेवळं याच कुळातली. काकडं घालून त्यांची भाजी होते ती न उमललेल्या फुलोऱ्याची. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची तऱ्हा याहून नाजूक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर फुलणारी सेरोपेजिया लॉई ही त्यातलीच एक. या वंशातल्या फुलांच्या नळीत खालच्या दिशेने वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत घसरते, केसांमुळे वर येता येत नाही, फूल सुकू लागलं की केस मलूल होतात आणि माशी पराग घेऊन सुटते. इथली गिऱ्हाइकं म्हणजे वेगळ्या, बारक्या माश्या.

आंब्याला असली फसवणूक करावी लागत नाही. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नर, काहीच उभयलिंगी. एका फुलात कामाचा पुंकेसर साधारण एकच. पराग चिकट, वाऱ्याने फारसा न हलणारा. फूल मात्र उथळ आणि मधुरस उघड्यावर, अगदी आखूड सोंडेच्या कीटकालाही पोचेल असा. लांब सोंडेच्या फुलपाखरासाठी किंवा ताकदवान भुंग्यासाठी हे फूल घडलेलंच नाही. भारत, ऑस्ट्रेलिया, इस्राएल, तैवान, जिथे जिथे मोहोरावरच्या कीटकांच्या नोंदी झाल्या, तिथे माश्यांची हजेरी ठळक आहे. मधमाशी मोहोरावर येते, पण शेजारी दुसरं चांगलं फुललेलं असेल तर तिकडे वळते. निळ्या-हिरव्या माशीला पोळं नाही, घरी न्यायचं ओझं नाही. ती तुऱ्यावर चालत राहते, अंगावरच्या राठ केसांना पराग लागतात आणि पुढच्या फुलावर उतरतात. कांदा, गाजर, कोबी यांचं शुद्ध बियाणं जाळीत तयार करतानाही काही ठिकाणी मुद्दाम याच कुळातल्या माश्या सोडतात, कारण कोंडलेल्या जागेत त्या मधमाश्यांपेक्षा निमूट काम करतात.

कोकणात मोहोर फुलायच्या दिवसांतच तुडतुडे आणि भुरी येतात आणि पंप बाहेर निघतात. फवारा तुडतुड्यावर पडतो तसाच माशीवरही पडतो. पूर्ण उमललेल्या मोहोरावर फवारणी टाळावी, असं कृषितज्ज्ञ म्हणतात ते यासाठी. प्रत्यक्षात हवा बिघडली की बागायतदाराचा जीव राहत नाही, हेही खरं. पुढे वाटाण्याएवढी फळं धरली नाहीत, तर दोष थंडीला दिला जातो, धुक्याला दिला जातो. फुलावर कीटक फिरकलेच नव्हते, ही शक्यता सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

तैवानमधले बागायतदार मोहोराच्या दिवसांत बागेत मासळीचा टाकाऊ भाग ठेवून हीच क्रायसोमाया मेगासेफाला वाढवतात. आपल्या किनाऱ्यालगतच्या बागांना तर मासळीचा कचरा दारातच मिळतो. कुणाला करून पाहायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. डबा घरापासून, विहिरीपासून लांब आणि मातीवर ठेवावा, फरशीवर नको, कारण पोसलेल्या अळ्यांना कोषात जायला भुसभुशीत जमीन लागते. आणि तो मोहोर उमलायच्या दहा-पंधरा दिवस आधी ठेवायला हवा. आज घातलेल्या अंड्यातली माशी त्याआधी पंख पसरत नाही.